नळीची खोळ

आमच्या घरात उघडी वस्तू ठेवायची पद्धत नाही. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत राहतो, मिक्सरला झालरीचा फ्रॉक आहे आणि सोफ्यावर सोलापुरी चादर, ती मळू नये म्हणून तिच्यावर जुनी सोलापुरी चादर. सोफ्याचा मूळ रंग पाहिलेली पिढी आता थकत चालली आहे. चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते विणकामासाठी. आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेतला तिचा खरा उपयोग झाकण्याचा.

अशा घरात पावसाळ्यात माझा भाचा आला. तो तारकर्लीला पर्यटकांना समुद्राचा तळ दाखवतो. पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणून डायव्हिंगचं सामान घेऊन मामाकडे. पिशवीतून त्याने काळ्या नळ्यांचं एक जंजाळ काढलं आणि त्यातल्या पिवळ्या तोंडाच्या नळीला ऑक्टोपस म्हणतात असं सांगितलं. माझ्या काकूंनी तत्काळ ते सगळं स्वयंपाकघराबाहेर काढायला लावलं. बुडताना सोबत्याला द्यायचं ते जादा तोंड आहे, प्राणी नव्हे, हे पटवण्यात दुपार गेली.

भाच्याला या नळ्यांवर रबरी खोळी चढवायच्या होत्या. त्यांना तो होज प्रोटेक्टर म्हणतो. टाकीत हवा २०० बार दाबाने भरलेली असते. मोटारीच्या चाकात जेमतेम दोन-सव्वादोन. टाकीच्या तोंडावरचा पितळी ठोकळा हा दाब आजूबाजूच्या पाण्यापेक्षा दहाएक बार जास्त इतका खाली आणतो आणि मग हवा श्वासाच्या नळ्यांत सोडतो. नळी पिचते ती जिथे धातू संपून रबर सुरू होतं तिथे. मोबाइलच्या चार्जरची वायर जिथे मरते, अगदी तिथेच. त्या मानेला झटका बसू नये म्हणून ही बोटभर खोळ.

‘खोळ’ एवढा शब्द ऐकल्यावर काकूंचा ऑक्टोपसवरचा राग गेला.

पण खोळ चढेना. नळी ठोकळ्यापासून सोडवायची आणि खोळीचं अरुंद तोंड आधी घालायचं, म्हणजे रुंद तोंड शेवटी धातूवर बसतं. पण ते अरुंद तोंड नळीच्या टोकाच्या नटावरून जायला हवं ना! भाचा ओढतोय, मी धरतोय, आणि दार उघडं. भवानी पेठेत दार उघडं ठेवून काही दुरुस्त करणं म्हणजे सभा बोलावणं.

“काय करायलास बे?” करत बंद पडलेल्या गिरणीतले जॉबर आले. त्यांनी नळी उलटसुलट पाहिली आणि निदान केलं, “खोबरेल लाव की.” भाचा किंचाळलाच. दाबाखालच्या हवेच्या यंत्राजवळ तेल नको. रबर खराब होतं आणि ऑक्सिजन जास्त असेल तिथे आगसुद्धा लागते. पंक्चरवाल्याने सायकलच्या हँडलची ग्रिप चढवतात तशी हवा मारून द्यायची तयारी दाखवली. त्याच्या काँप्रेसरमधून हवेपेक्षा तेल जास्त येतं हे भाच्याने ओळखलं होतं.

जॉबर हरले नव्हते. “यातली कुठली फुटली की माणूस मरतो?” त्यांनी विचारलं. आम्ही सगळ्यांनी टाकीतला दाब दाखवणाऱ्या मीटरच्या नळीकडे बोट दाखवलं, कारण तिच्यात थेट टाकीतले पुरे २०० बार. उत्तर उलटं निघालं. तिच्याकडे जाणारं भोक सुईच्या टोकाएवढं, त्यामुळे ती फुटली तरी हवा बेताने जाते. कमी दाबाची नळी फुटली तर टाकी काही मिनिटांत रिकामी. गरीब दिसणाऱ्याकडून जास्त धोका, हे जॉबरांना लगेच पटलं. त्यांनी दोन-तीन नातेवाइकांची नावंही घेतली.

शेवटी काम केलं ते बांगड्या भरणाऱ्या कासारीण मावशींनी. त्यांनी खोळ कढत पाण्यात टाकली, नटावर साबणाचा फेस फिरवला, जरा दाबलं, जरा फिरवलं, “हात सैल सोड पोरी” असं नळीला सवयीने सांगितलं आणि खोळ आत. पुढच्या तिन्ही नळ्या भरेपर्यंत त्या भाच्याच्या लग्नाची चौकशी करत होत्या. मग साबण धुवायला भाच्याने बादलीभर गोडं पाणी मागितलं. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात, समुद्रात जाणाऱ्या वस्तूला आंघोळ! काकूंनी बादली दिली, आणि तेच पाणी नंतर संडासात वापरलं.

सगळं छान दिसत होतं. तेवढ्यात भाचा म्हणाला, आमच्या सरांना मात्र हे प्रकरण फारसं आवडत नाही. खोळीखाली मीठ साचतं, वाळू जाते आणि मानेला पडलेली भेग दिसतच नाही. म्हणून अधूनमधून खोळ मागे सरकवून पाहायचं.

घरात शांतता पसरली. खोळ काढून आत पाहायचं, हा विचार आमच्या वास्तूत प्रथमच उच्चारला गेला होता. मला तो पटला. काकूंचा कल अजून खोळीकडेच होता. मी उत्साहाने उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि गॅसच्या नळीवरची, काकूंनी जुन्या टॉवेलची शिवलेली खोळ मागे सरकवली. आत नारिंगी नळीवर छापलेली तारीख होती. पाच वर्षांची मुदत केव्हाच उलटून गेलेली.

“बघा!” मी म्हणालो.

काकूंनी नळी पाहिली, टॉवेल चाचपला, शिवण तपासली.

“नवी नळी आण,” त्या म्हणाल्या. “खोळ चांगली आहे.”