कळसूबाई आणि खरकटं पातेलं

मैंदर्गीत चढ म्हणून दाखवावं असं काही नाही. अक्कलकोटकडं जा की दुधनीकडं, ज्वारीची आणि तुरीची रानं सपाट पसरलेली. त्यामुळं डोंगर चढायचा तो वर देव बसलाय म्हणून, एवढंच आम्हाला ठाऊक. वेल्समध्ये नोकरीला असलेल्या पुतण्यानं बायकोपोरांसह स्नोडन चढल्याचे धुक्यातले फोटो पाठवले, तेव्हा काकूंनी पहिल्यांदा विचारलं, "वर देव कुठला?"

देव नव्हता. त्याहून वाईट म्हणजे १८९६ पासून तिथं शिखरापर्यंत रेल्वे जाते. रेल्वे असताना पायी, आणि तेही देव नसताना! १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेतल्या मंडळींनी त्याच डोंगरांत सराव केला होता, हे त्यानं मागाहून कळवलं. तोवर काकूंचं मत पक्कं झालं होतं.

मला मात्र स्नोडनची उंची हाती लागली. १०८५ मीटर. आपली कळसूबाई १६४६! महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, शिवाय वर देवी. अभिमान आणि भक्ती एकाच गाडीत बसवून आम्ही अकोले तालुक्यात पोचलो. बरोबर कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दह्याचं पातेलं.

बारी गावातून वाट चढते. मध्ये उभे कातळ, त्यांना लोखंडी शिड्या. काकू इरकली लुगडं खोचून सरसर वर गेल्या. अण्णा दर शिडीपाशी थांबून तिचं वेल्डिंग तपासत होते. आमच्या घरात पुरुषांना दम लागत नाही.

वाटेत लिंबूपाणी विकणाऱ्या बाईनं देवीची गोष्ट सांगितली. कळसू ही कोळ्याची पोर. एका घरी कामाला राहिली ती अट घालून: केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. एके दिवशी मालकांनी भांडी घासायला लावलीच. तिनं ती घासली, आणि तडक डोंगरावर निघून गेली. परत आलीच नाही.

आमच्यातल्या बायका गप्प झाल्या. मग सगळ्यांचाच वेग वाढला.

वर छोटंसं देऊळ. खाली भंडारदऱ्याचं पाणी, समोर अलंग-मदन-कुलंगचे कातळ. वारा असा की भाकरी धरून ठेवावी लागत होती. काकूंनी देवीला हळदकुंकू वाहिलं आणि बराच वेळ काहीतरी पुटपुटत बसल्या. नवस नसावा, चौकशी असावी.

जेवण उरकलं. दह्याचं पातेलं मधोमध तसंच पडून राहिलं. अण्णांनी सवयीनं काकूंकडं पाहिलं.

"देवीच्या दारात भांडी घासू व्हय?" काकू म्हणाल्या. "तिला काय वाटंल?"

सुनांनीही माना डोलावल्या. अण्णांनी पातेल्याकडं पाहिलं, देवळाकडं पाहिलं, आणि खालच्या शिडीचं वेल्डिंग बघायचं राहिलंय म्हणत उठले.