बुधवारचे सरखेल

अमेरिकेच्या मेरिलँड राज्यात, चेसापीक उपसागराकाठच्या अ‍ॅनापोलिस गावात, उन्हाळ्यातल्या बुधवारी ऑफिसातून लवकर सटकणाऱ्या गृहस्थाची चौकशी करू नये. ते शर्यतीला निघालेले असतात. बोट तीस फुटी, शिडाची, वयाने त्यांच्या थोरल्या मुलापेक्षा मोठी. आत निजायला बाकं, गॅसची शेगडी, पत्त्यांचे कॅट, कधीच न वाळणारे टॉवेल आणि सासूबाईंनी दिलेला डिनर सेट. यातलं जवळजवळ सगळं बिऱ्हाड घेऊन हे गृहस्थ, म्हणजे आपले सरखेल, बुधवारी क्लबाच्या शर्यतीत उतरतात आणि शनिवारी तेच बिऱ्हाड घेऊन पलीकडच्या किनाऱ्यावर, सेंट मायकल्सला, खेकडे खायला जातात. त्यामुळे त्यांना दोन्हीकडून बोलणी बसतात. अस्सल शर्यतवाले म्हणतात, हा स्वयंपाकघर घेऊन पळतो. अस्सल भटके म्हणतात, याला सुट्टीतही वेग मोजायचा असतो. दोघांचंही निरीक्षण अचूक आहे. पण त्यावरून सरखेलांनी एक काहीतरी सोडून द्यावं, हे मला पटत नाही.

आधी स्वयंपाकघराचा मुद्दा घेऊ. अशा बोटीचं वजन साडेचार टनांच्या घरात असतं. सरखेल दर बुधवारी डिनर सेट धक्क्यावर उतरवून ठेवतात, म्हणजे फार तर पाच किलो कमी होतात. आणि लगेच बर्फाने व बिअरने भरलेली पेटी वर चढवतात. (अमेरिकेत असल्या शर्यतींना बिअरच्या डब्यांवरूनच नाव पडलं आहे, ते उगाच नाही.) तेव्हा ताटं बिचारी निर्दोष. बोट खरी अडते ती तळाला धरलेल्या शेवाळाने आणि ताणून ताणून पोट सुटलेल्या शिडाने. हे कळतं मात्र शर्यतीतच. नुसता भटकणारा मालक बोट रेंगाळली की वाऱ्याला नावं ठेवून इंजिन सुरू करतो. सरखेलांना शेजारची तशीच बोट पुढे जाताना दिसते. दुसऱ्या दिवशी पाणबुड्याला बोलावून तळ घासून घेतला जातो. उन्हाळी दुपारी चेसापीकवर अचानक वादळी पाऊस चाल करून येतो, तेव्हा शीड झटपट आखडण्याचा हात त्याच बुधवारांनी बसवलेला असतो. शनिवारच्या फेरीत मुलं सुरक्षित असतात, त्याचं थोडं श्रेय बिअरच्या पेटीलाही द्यावं लागेल.

मग शर्यतवाले म्हणतील, ठीक आहे, पण ही बोट जिंकणार कशी? त्याची सोय आहे. प्रत्येक बोटीला दर सागरी मैलामागे काही सेकंदांची सवलत ठरवून दिलेली असते. सरखेलांना समजा 180 सेकंद आणि चपळ बोटीला 120, तर पाच मैलांच्या शर्यतीत ती पाच मिनिटं आधी पोहोचली तरी बरोबरीच. या पद्धतीचा खरा फायदा शर्यत संपल्यावर सुरू होतो. जिंकले तर कौशल्य सरखेलांचं, हरले तर समितीने सेकंद कमी दिले. इतकी माणुसकी असलेला दुसरा खेळ मला माहीत नाही.

घरच्यांचा आक्षेप मात्र वजनदार आहे. बाकांवरच्या गाद्यांना नवी कव्हरं शिवायची म्हटलं की पैसे नसतात, आणि नवं जिब, म्हणजे पुढचं शीड, मात्र ‘सुरक्षेसाठी’ येतं. बोट कलली की बायको भांडी धरते आणि नवरा वेगाचा आकडा बघतो. इथे सरखेलांची बाजू मी घेणार नाही. बुधवार मित्रांबरोबर घालवावा, शनिवारी कुठे जायचं आणि इंजिन केव्हा लावायचं हे बाईंनी ठरवावं, आणि शिडाआधी गाद्या व्हाव्यात, हा तोडगा रास्त आहे. बऱ्याच बोटींवर तो मान्यही झालेला असतो.

तो टिकतो, मागून त्याच दिशेला दुसरं शीड दिसेपर्यंत. सरखेल काही बोलत नाहीत. जेवण जरा थांबवायला सांगतात, दोर चार बोटं ओढतात आणि क्षितिजाकडे निर्विकार बघत राहतात. मागच्या बोटीवरही जेवण थांबलेलं असतं.