पन्नास तासांचा सत्संग

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाकाठी किमान ५० तास व्यावसायिक विकासाला नेमून दिलेत. तेव्हा हिंगोली जिल्ह्यातले गुरुजी आपापल्या शाळा-केंद्राच्या शिक्षण परिषदेला जमतात आणि विकसित होतात.

"सर, तुमचं यू-डायसवर मुलांची माहिती भरणं झालं का?"

"कुठलं काय मॅडम, दोन पोरांचं आधारच जुळंना."

तिसरीला भागाकार कसा शिकवावा, हे विचारायला एक नवे गुरुजी उठतात, तेवढ्यात चहा येतो. (भागाकार नंतर निघतो, पण चहाच्या वर्गणीचा.) मग फोटो. तो ग्रुपवर पडला, खाली अंगठे उमटले, की सहकार्य सिद्ध. खरी परिषद मोटारसायकली काढताना भरते: एखाद्या मॅडम डिक्कीतून काड्यांचे गठ्ठे काढून त्या नव्या गुरुजींना भागाकार दाखवतात. त्याची नोंद कुठेच नसते.

याच जिल्ह्यात नर्सीच्या नामदेवांना औंढ्याला विसोबा खेचर भेटले आणि एका भेटीत गुरूपदेश झाला, असं परंपरा सांगते. आज नामदेवांना आधी विचारलं असतं, उरलेल्या एकोणपन्नास तासांचं प्रमाणपत्र कुठंय? आणि विसोबांना, फीडबॅकची लिंक का नाही टाकली?