गाडीघेणारे

माझ्या मोबाईलमध्ये ‘गाडीघेणारे’ या नावाचे एक गृहस्थ राहतात. वरच्या बाजूला गहूवाले, खालच्या बाजूला गिरणी. त्यांचं खरं आडनाव विक्रीच्या कागदावर आहे, पण आमच्या घरात त्याला कुणी विचारत नाही. “अहो, गाडीघेणाऱ्यांचा फोन!” अशी बायकोची हाक आली की मी आधी घोटभर पाणी पितो आणि मग फोन घेतो.

ही व्यक्ती नसून जमात आहे. ज्यानं ज्यानं ऑनलाइन जाहिरात देऊन आपली जुनी गाडी परस्पर विकली आहे, त्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये यांच्यापैकी एकजण मुक्कामाला असतोच. डीलरला गाडी दिली तर वीस-तीस हजार कमी मिळतात, म्हणून आपण ती परस्पर विकतो. ते जादा वीस-तीस हजार म्हणजे नफा नव्हे, गाडीघेणाऱ्यांना पुढे सांभाळण्याचं मानधन, हे नंतर कळतं.

घेण्यापूर्वीचे गाडीघेणारे कमालीचे सावध असतात. आमचे आदल्या रात्रीच फोनवर बजावून मोकळे झाले होते, “काका, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका हं. इंजिन थंड पाहिजे.” रविवारी सकाळी हडपसरहून चौघं आले. ते स्वतः, थोरले बंधू, ओळखीतला मिस्त्री आणि आणखी एकजण, ज्याचं नातं शेवटपर्यंत कळलं नाही, पण पोहे त्यानंच दोनदा घेतले. बॉनेट उघडलं गेलं. ऑइलचं झाकण काढून हुंगलं गेलं. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचून मिस्त्रीनं त्याची जन्मपत्रिका मांडली, “दोन हजार एकोणीस, तेविसावा आठवडा.” दाराचं रबर उचकटून आतले वेल्डिंगचे ठिपके कंपनीचे की गॅरेजचे हे पाहिलं. मीटर ६८ हजारांवर होता. तो पाहून चौघंही एकदम, पण वेगवेगळ्या दिशांना बघून हसले. मी सर्व्हिसिंगची फाइल पुढे केली, तेव्हा हसू मावळलं आणि प्रत्येकानं एकेका टायरला लाथ मारली. लाथेनं टायरचं नेमकं काय कळतं हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. पण लाथ न मारता जुनी गाडी घेतलेला माणूसही माझ्या पाहण्यात नाही.

मग ‘लास्ट किती’ सुरू झालं. पाच हजार पुढच्या दोन टायरांचे, दोन हजार देवदर्शनाचे, आणि सगळं ठरून हात मिळवल्यावर आणखी एक हजार “काकूंनी इतक्या प्रेमानं पोहे दिले म्हणून”. पोहे खाल्ल्याबद्दल हजार रुपये मिळवणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला. ‘गाडी आहे त्या स्थितीत पाहून, चालवून, तपासून घेतली’ असा कागद झाला, त्यावर तारीख आणि ताबा दिल्याची वेळही पडली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. बायकोनं बॉनेटला हळदकुंकू लावलं, डिकीत नारळ ठेवला. त्यांनी पेढे दिले. गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि आम्ही बापडे व्यवहार संपला असं समजलो.

त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे मेहुणा आला.

व्यवहार होईपर्यंत जो हटकून बाहेरगावी असतो, त्याला जाणकार मेहुणा म्हणतात. तो गाडीभोवती दोन फेऱ्या मारतो, खाली वाकून बघतो, हात झटकतो आणि विचारतो, “कितीला घेतली?” आकडा कोणताही सांगा. दीड लाख सांगा, अडीच सांगा, फुकट मिळाली सांगा. तो क्षणभर थांबून म्हणतो, “हं.” जुन्या गाड्यांचे बहुतेक तंटे गिअरबॉक्समधून निघत नाहीत, या ‘हं’मधून निघतात. गाडीघेणाऱ्यांना पैसे परत नको असतात, गाडी तर मुळीच परत द्यायची नसते. बायकोच्या देखत तिच्या भावानं केलेल्या त्या ‘हं’ला त्यांना उत्तर हवं असतं, आणि ते सुचेना की ते मला फोन करतात.

त्यांच्या आवाजातला बदल संबोधनात दिसतो. सौदा होईपर्यंत मी ‘काका’ होतो. मेहुणा आल्यावर ‘साहेब’ झालो. पुढच्या आठवड्यात ‘हे बघा मिस्टर’.

पहिली तक्रार बोनसची. “पन्नास टक्के नो-क्लेम बोनस होता म्हणे गाडीवर, तो तुम्ही काढून घेतला?” मी समजावलं की तो बोनस गाडीचा नसतो, इतकी वर्षं क्लेम न करणाऱ्या माणसाचा असतो; तो माझ्याबरोबर माझ्या पुढच्या गाडीला जातो. मागून मेहुण्याचा आवाज आला, “स्टेपनी मोजून घ्या, ती तरी आहे का बघा.” दुसरी तक्रार फास्टॅगची. गाडी गेल्यावर मी तो बँकेला सांगून बंद केला, कारण पैसे माझ्या खात्यातून कापले जायचे. साहजिकच एके सकाळी खालापूरच्या टोलनाक्यावरून फोन आला. मागे भोंग्यांचा कल्लोळ. “सांगायचं तरी होतं! दुप्पट टोल मागतोय हा!” गाडीत जे जे होतं ते ते गाडीबरोबर आलं, अशी या मंडळींची प्रामाणिक समजूत असते. माझी थकबाकी तेवढी आली नाही, ती नव्हतीच म्हणून.

मग आला आवाज.

“डावीकडं वळताना मागून येतो. गडगड... ठक्.” त्यांनी फोनवर तोंडानं करून दाखवला. मेहुण्यानं सुधारून दाखवला. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर ध्वनिफीत आली. मी आणि बायकोनं ती डोळे मिटून ऐकली. माझ्या मिस्त्रीनंही ऐकली आणि तो म्हणाला, “साहेब, सस्पेन्शन असं वाजत नाही. हे काहीतरी निवांत वाजतंय.” हडपसरच्या मिस्त्रीनं मात्र अठरा हजारांचा अंदाज दिला होता. “निम्मे तुम्ही द्या, नाहीतर ग्राहक मंचात जातो.”

२०१९ च्या कायद्यानं मंचाचा आयोग झाला, पण धमकी अजून मंचाचीच देतात. कायद्याचं म्हणाल तर तो या प्रकरणात अगदी कोरडा आहे. ग्राहकांचा आयोग गाड्यांचा धंदा करणाऱ्यासाठी. घरातली एकुलती एक गाडी विकणारा मी काही व्यापारी नव्हे. १९३० चा माल विक्रीचा कायदा सर्वसाधारणपणे असं धरून चालतो की घेणाऱ्याला डोळे आहेत. मीटर मागे फिरवला, अपघात झालेला लपवला, धडधडीत खोटं सांगितलं, तर १८७२ च्या करार कायद्यानं ती लबाडी, आणि तसं करणाऱ्याच्या मानगुटीवर बसायलाच हवं. पण साध्या खबरदारीनं जे कळलं असतं, त्याबद्दल विकणारा नुसता गप्प बसला म्हणून सौदा मोडत नाही. माझ्याकडे तर चौघांनी हुंगून, उचकटून आणि लाथा मारून घेतलेली खबरदारी होती, सहीनिशी. कागदाचा फोटो पाठवला. उत्तरादाखल नुसते जोडलेले हात आले. त्यात नमस्कार किती आणि निषेध किती, हे ठरवता आलं नाही.

इथवर मी अगदी निर्धास्त होतो. मग माझ्याच मोबाईलवर चलन आलं. सीटबेल्ट न लावल्याचं, द्रुतगती मार्गावरचं, माझ्या नावाचं. गाडीघेणाऱ्यांनी आरसी नावावर करून घेतलीच नव्हती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत नोंद करून घ्यायची. माझं कळवून झालं होतं, त्याची पोचही होती. पण पुस्तकात नाव माझंच. वकील मित्रानं सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाची गोष्ट सांगितली, ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’. गाडी विकलेली २००७ मध्ये, पुढे ती एका हातातून दुसऱ्या हातात गेली, अपघात झाला २००९ मध्ये, आणि भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव राहिलेल्या पहिल्या मालकावर. त्या रात्री मी गाडीघेणाऱ्यांना स्वतः फोन केला, आणि काय आश्चर्य, माझ्याच तोंडून ‘साहेब’ बाहेर पडलं.

“आरसीचं बघू हो,” ते म्हणाले, “आधी आवाजाचं बघा.”

म्हणून मी हडपसरला गेलो. डिकी उघडली, चटई उचलली. स्टेपनीच्या खळग्यात आमच्या हिनं ठेवलेला नारळ होता, शेंडीसकट. डावीकडं वळलं की गडगड, मग ठक्. मी तो दोन्ही हातांत धरून दाखवला. गाडीघेणाऱ्यांनी नारळाकडं पाहिलं, मेहुण्याकडं पाहिलं आणि विजयी मुद्रेनं म्हणाले, “बघा! आवाज तुमच्याकडूनच आलेला आहे, हे मी पहिल्या दिवसापासून सांगतोय.”

मेहुणा म्हणाला, “हं.”

तेव्हा मला तो चेहरा ओळखीचा वाटला. चलनातला फोटो मोबाईलवर उघडून मी गाडीघेणाऱ्यांच्या हाती दिला. वार मंगळवार, दुपारची वेळ, स्टिअरिंगवर मेहुणे, बेल्ट नाही, शेजारच्या सीटवर मक्याचं कणीस खाणारे दोन मित्र. मंगळवारी मेहुणे ‘बँकेच्या कामासाठी’ गाडी घेऊन गेले होते म्हणे. गाडीघेणाऱ्यांनी तो फोटो बोटांनी मोठा केला, पुन्हा मोठा केला, आणि आतल्या खोलीकडं वळून बायकोला हाक मारली. त्यानंतरचं घरगुती असल्यामुळं मी नारळ घेऊन निघालो. चलन आठवड्यात भरलं गेलं, आरसीही नावावर झाली, आणि मी पुन्हा ‘काका’ झालो.

परवा त्यांचा फोन आला. मेहुणे स्वतःसाठी जुनी गाडी बघताहेत, जाणकार म्हणून तुम्ही चला. नाही म्हणवेना. बावधनला एका सज्जन गृहस्थांनी आम्हाला थंड इंजिन दाखवलं, चहा दिला. मेहुण्यांनी झाकण हुंगलं. मी वाकून पाहिलं, तर चारही टायर पार गुळगुळीत झालेले. सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात गाडीघेणाऱ्यांनी माझा दंड धरला आणि मला गेटपाशी नेलं.

“काका, आत्ता काही बोलू नका,” ते हळूच म्हणाले. “आधी घेऊ दे त्याला. मग सांगू.”