‘आपापलं’ कोणी केलं?

परवाच्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा झाली. तिसरा विषय होता, घरकामाच्या मावश्यांनी आणि सामान पोचवणाऱ्या मुलांनी यापुढे फक्त मागची लिफ्ट वापरावी. दोघीतिघींनी विरोध केला. तेव्हा एक गृहस्थ उठून म्हणाले, “या बायका उद्या आल्या नाहीत तरी आपलं काही अडत नाही. कोविडात आपण सगळं आपापलं केलंच की!” टाळ्या पडल्या.

त्या टाळ्यांचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संमेलनातही ऐकलंय. भांडी आपण घासली, लादी आपण पुसली, नवऱ्याचे केस बायकोनं कापले, पाव घरी भाजला. हे खरं आहे. त्यावरून आपण स्वावलंबी झालो म्हणणं मात्र खोटं आहे. हे खोटं आपण इतकी वर्षं घोळवलं की आता ते लिफ्टच्या दाराशी येऊन कोणाला आत घ्यायचं ते ठरवू लागलं आहे.

भांडी घासली ती कोणत्या पाण्यानं? पाणी सोडणारा महापालिकेचा माणूस टाळेबंदीच्या त्या महिन्यांत रोज कामावर होता. गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढणारा मुलगा होता. आपण किराणा सॅनिटायझरनं पुसून घेत होतो, तेव्हा वाशीच्या बाजार समितीतले माथाडी तोच माल पाठीवर वाहत होते. तिथे इतकी माणसं आजारी पडली की बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला. सकाळचं दूध पिशवीतून आलं. त्या दुधाला गावाकडे लिटरमागे वीस रुपयांच्या आसपास भाव मिळत होता आणि १ ऑगस्ट २०२० ला दूध उत्पादक रस्त्यावर उतरले. आपल्या पिशवीची किंमत काही तेवढी उतरली नव्हती.

आणि कचरा? पुण्यात घरोघरचा कचरा उचलणाऱ्या बायका बहुतेक ‘स्वच्छ’ या संस्थेच्या. कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था. टाळेबंदीत त्या घरी बसल्या नाहीत. घरी बसून चालणारं ते कामच नव्हतं. आपण वापरलेले मास्क सुक्या कचऱ्यात, ओल्या कचऱ्यात, जिथे हात जाईल तिथे टाकत होतो. त्या विनवत होत्या की मास्क कागदात गुंडाळून वेगळा द्या. आमच्या इमारतीत बत्तीस घरं आहेत. किती घरांनी तो वेगळा दिला, हे मला आमच्या कचरेवाल्या ताईंनी सांगितलंय. एका हाताची बोटंही पुरून उरतात.

आता त्या आजाराच्या वाटेबद्दल. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले, दुबईची सहल करून आलेलं जोडपं. त्यांचा दोष काहीच नव्हता, रोग कोणालाही होतो. पण रोग विमानानं आला, हे त्या दिवशी साऱ्या शहराला कळलं होतं. तरी पंधरवड्याच्या आत सोसायट्यांच्या फाटकांवर फलक लागले ते चालत येणाऱ्यांविरुद्ध. ‘बाहेरच्या व्यक्तींना प्रवेश बंद.’ आमच्या मावशी तेव्हा अकरा वर्षं आमच्याकडे येत होत्या. माझ्या मुलीला पहिल्यांदा वरण-भात भरवला तो त्यांनी. त्या दिवशी त्यांचा फाटकावरून फोन आला, “ताई, मला सोडत नाहीत. बाहेरची बाई म्हणतायत.” मी खाली गेले नाही. खिडकीतून हात केला आणि फोनवर म्हटलं, “मावशी, थोडे दिवस घरीच राहा.”

टाळेबंदी सगळ्यांना होती, तोवर याला कारण होतं. पण जूनमध्ये सरकारनं ‘मिशन बिगिन अगेन’ म्हणत एकेक दार उघडायला घेतलं, तेव्हाही आमचं फाटक मावश्यांना बंदच राहिलं. गाडी धुणाऱ्याला ते आधी उघडलं, कारण गाड्यांवर धूळ साचली होती. त्या काळात मावशींच्या वस्तीला पत्रे ठोकले होते. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, संडास सार्वजनिक. अंतर राखा, हात धुवा, बाहेर पडू नका ही सूचना त्यांच्या खोलीत कशी पाळायची, याचं उत्तर आमच्या कमिटीतल्या कोणाकडेही नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

पुण्यात पहिले रुग्ण सापडले त्या ९ मार्चचा दुसरा दिवस १० मार्च. सावित्रीबाई फुल्यांचा स्मृतिदिन. १८९७ च्या प्लेगात याच पुण्यात त्यांनी आपला मुलगा डॉ. यशवंत यांच्याकडून हडपसरच्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना सुरू करवला. मुंढव्याच्या एका मुलाला प्लेग झाल्याचं कळलं तेव्हा त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. तो मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि त्या गेल्या. वय होतं सहासष्ट. इतक्या वयाच्या माणसांना २०२० साली आपण घराबाहेर पाऊल टाकू देत नव्हतो, आणि ते बरोबरही होतं. सगळ्यांनी सावित्रीबाई व्हावं असं मी म्हणत नाही. पण दरवर्षी त्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या आमच्या सोसायटीनं शिंकणाऱ्या वॉचमनला त्याच रात्री केबिन रिकामी करायला लावली. तो रात्री अकराला सामान घेऊन कुठे गेला, हे दुसऱ्या दिवशी कोणाला माहीत नव्हतं.

त्याच प्लेगाच्या वेळी इंग्रजांनी साथरोग कायदा केला होता. २०२० मध्ये आपण तोच काढून वापरला. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजवल्या, डॉक्टर-नर्सना सलाम केला. २२ एप्रिलला, बरोबर महिन्यानं, केंद्र सरकारला त्याच कायद्यात दुरुस्ती करणारा वटहुकूम काढावा लागला, आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात उचलणाऱ्याला तुरुंगात घालण्यासाठी. सात वर्षांपर्यंत शिक्षा. ज्यांच्यासाठी थाळी वाजवली त्यांनाच घरमालक खोली सोडायला सांगत होते, दगड मारले जात होते. महिनाभरात ही पाळी आली.

गावंही मागे नव्हती. वेशीवर बाभळीचे काटे टाकून रस्ते अडवले. मुंबईच्या मनीऑर्डरवर ज्या घरांची कौलं बदलली, त्यांनी मुंबईकराला शाळेच्या वर्गात चौदा दिवस ठेवलं. त्यांची भीती मला समजते. तालुक्याला धड दवाखाना नसेल तर माणूस काटेच टाकणार. शहरातल्या इमारतीला ही सबब नाही. आमच्यापासून दहा मिनिटांवर तीन मोठी रुग्णालयं होती.

मग मे महिना आला. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. मध्य प्रदेशातली माणसं, जालन्याच्या स्टील कारखान्यात कामाला होती. भुसावळला गाडी मिळेल म्हणून रुळांच्या कडेनं चालत निघाली होती. रात्रभर चालून थकली आणि गाड्या बंद आहेत असं समजून तिथेच पडली. त्यांच्या शिदोरीच्या पोळ्या रुळांवर विखुरलेल्या होत्या. तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिला. चारच दिवसांनी, १२ मे रोजी, पंतप्रधानांनी वीस लाख कोटींच्या मदतीची घोषणा केली आणि ‘आत्मनिर्भर’ हा शब्द घराघरांत पोचला.

आमच्या सभेतल्या त्या गृहस्थांना मला हेच सांगायचं होतं. त्या साथीत ज्यांनी खरोखर सगळं आपापलं केलं, ती ही माणसं. स्वतःची पोळी, स्वतःचे पाय. त्यांना कोणाचीही मदत नव्हती, आणि म्हणून ती मेली. आपण जगलो ते आपल्यामागे शेकडो माणसं राबत होती म्हणून. याला स्वावलंबन म्हणत नाहीत. आपल्याला घरी बसायची सोय होती, बाकीच्यांना नव्हती, एवढाच हा हिशेब आहे.

शब्द नीट वापरायला हवेत असं मला फार वाटतं, कारण शब्दांवरून पैसे ठरतात. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. हेतू चांगला होता, काम त्याहून चांगलं झालं. पण माझ्या कुटुंबाची जबाबदारी घेऊन दारात आली ती आशाताई. बोटाला ऑक्सिमीटर लावणारी, घरात मधुमेह कोणाला, दम कोणाला लागतो हे वहीत टिपणारी. राज्यात अशा सुमारे सत्तर हजार आशा आहेत. सरकारच्या लेखी त्या कर्मचारी नाहीत, ‘स्वयंसेविका’ आहेत, त्यामुळे त्यांना पगार नसतो, मोबदला असतो. कोविडच्या कामासाठी केंद्राकडून महिन्याला हजार रुपये मिळत. दिवसाचे तेहतीस रुपये झाले. जून २०२१ मध्ये त्यांनी बेमुदत संप केला, तेव्हा कुठे मासिक हजाराची वाढ आणि कोविड भत्त्याचे पाचशे हाती आले. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. त्या बातमीखाली अभिनंदन लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी संपाच्या वेळी त्यांच्या बाजूनं एक ओळ लिहिली होती?

स्वावलंबन या शब्दाचा खरा अर्थ मला नंदुरबारमध्ये सापडला. आदिवासी जिल्हा, साथ आली तेव्हा ऑक्सिजन बनवायची सोय नाही. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः डॉक्टर आणि भिल्ल समाजातले. पहिली लाट ओसरली, सगळीकडे लोक मास्क हनुवटीवर आणून लग्नांना जाऊ लागले, तेव्हा या जिल्ह्यात हवेतून ऑक्सिजन बनवणारे प्लँट उभे राहत होते. पहिला २०२० च्या सप्टेंबरातच. शिवाय तिथे ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्या. दर तीन-चार तासांनी प्रत्येक रुग्णाची पातळी पाहायची आणि गरज कमी झाली की तेवढा पुरवठा कमी करायचा, म्हणजे वाया जात नाही. एप्रिल २०२१ मध्ये कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला ऑक्सिजन आणायला पाठवावे लागले, मोठमोठ्या शहरांत नातेवाईक सिलिंडरसाठी रात्रभर फिरले. नंदुरबारात शेजारच्या जिल्ह्यांतले, शेजारच्या राज्यांतलेही रुग्ण येत होते आणि त्यांना खाटा मिळत होत्या.

तिथलं स्वावलंबन स्वतःच्या घरात सिलिंडर भरून ठेवण्याचं नव्हतं. पुण्या-मुंबईत ठेवले होते, अनेकांनी, गरज नसताना, पलंगाखाली. शेजारच्या इमारतीत माणूस धापा टाकतोय हे माहीत असताना. मला या गोष्टीचं आजही वाईट वाटतं, कारण ज्यांनी ठेवले ती दुष्ट माणसं नव्हती. आपलं आपण पाहावं, हेच त्यांना आधीचं वर्षभर शिकवलं होतं.

लशीचं एका ओळीत सांगते. हडपसरच्या कारखान्यातून निघालेल्या ज्या लशीचा आपण पुणेकर अभिमान बाळगतो, ती ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी घडवलेली, आणि तिच्या उत्पादकांना एप्रिल २०२१ मध्ये कच्चा माल अडू नये म्हणून अमेरिकेच्या अध्यक्षांना जाहीर विनंती करावी लागली होती.

तर आता मागच्या लिफ्टबद्दल. हा ठराव पुढच्या सभेत मतदानाला येईल. माझं मत विरोधात आहे आणि ते मी हात वर करून देणार आहे. त्या सभेत मी दोन गोष्टी मांडणार आहे. पहिली, घरेलू कामगार मंडळाच्या नोंदणीची. राज्यात त्यासाठी २००८ चा कायदा आहे. एप्रिल २०२१ मध्ये सरकारनं घरकामगारांना दीड हजार रुपयांची मदत जाहीर केली, ती नोंदणी झालेल्यांनाच. नोंदणीच्या अर्जाला मालकाचा दाखला लागतो. आमच्या बत्तीस घरांत बावीस मावश्या काम करतात, आणि तोवर एकाही घरानं तो दाखला दिलेला नव्हता. मीही नाही. एका सहीचं काम होतं.

दुसरी गोष्ट पैशांची. एप्रिल, मे आणि जून २०२० चा पगार ज्यांनी कापला, त्यांनी तो आता द्यावा. काम बंद आपण ठेवलं होतं, त्यांनी नव्हे. मी स्वतः एप्रिलचा पूर्ण दिला, मे आणि जूनचा निम्माच दिला. तेव्हा मला तो उदारपणा वाटला होता. पुढे मी तो विषय कधी काढला नाही, मावशींनीही नाही.

या सोमवारी मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, “मावशी, कोविडातले तुमचे पैसे राहिलेत माझ्याकडे. नेमके किती, ते मला वह्या काढून बघावं लागेल.”

“बघू नका ताई,” त्या लगेच म्हणाल्या. “दोन हजार चारशे.”