पाण्यातले बूट

पाणी आडवं आलं की चप्पल काढून हातात घ्यायची, हा आमच्याकडचा जुना शिरस्ता. पऱ्ह्या ओलांडायचा असो, शेताच्या बांधावरून जायचं असो, नाहीतर जुलैतल्या पावसात पनवेलच्या सखल रस्त्यांवर गुडघाभर तुंबलेलं पाणी असो. धोतरवाल्याने धोतर खोचायचं, पँटवाल्याने पँट दुमडायची आणि चपला छातीशी धरून पलीकडे जायचं. पाय भिजला तर पुसता येतो, चामडं भिजलं की संपलं. हा हिशोब इतका पक्का की पाण्यात शिरण्यासाठी मुद्दाम घालायचे बूट मिळतात आणि ते क्रूझला न्यावेत की नाही यावर घरात चर्चा चालली आहे, हे ऐकून माझ्या आत्याला वाटलं पोरं तिची टर उडवताहेत.

चर्चा मात्र खरी होती. कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज 2021 सालच्या सप्टेंबरपासून मुंबईहून फेऱ्या करू लागलं आणि बघता बघता क्रूझला जाऊन येणं आमच्या ओळखीपाळखीत अष्टविनायकाइतकं रुळलं. आम्ही गोव्याची फेरी घ्यायची की लक्षद्वीपची, हे अजून ठरलं नव्हतं. तिकिटं काढली नव्हती. पण बॅगेत काय काय जाणार याची यादी फ्रिजवर लागली होती आणि तिच्यात सुनेने सातव्या ओळीत ‘वॉटर शूज’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं. त्या प्रश्नचिन्हाने घराचे दोन तट पाडले.

हे बूट म्हणजे काय, ते सांगतो. वर जाळीचं किंवा पाणबुड्यांच्या पोशाखासारखं ताणणारं कापड, खाली रबराचा पातळ तळ, काहींच्या तळाला पाणी निघून जायला भोकं. बूट म्हणावं तर अंगात जोर नाही, मोजा म्हणावं तर तळ आहे. मुलगा म्हणाला, “आपण लहानपणी पावसाळ्यात शाळेत प्लास्टिकचे सँडल घालायचो, ते काय वेगळे होते?” मुद्दा बिनतोड होता. दर जूनला पनवेलच्या बाजारात घराघरातली पोरं रांगेने ते सँडल पायात चढवून बघत असतात. तळाला भोकं, चिखल आत आणि बाहेर ये-जा करायला मोकळा, टाचेवर आठवडाभरात फोड. या बुटांची ती गरीब आतेभावंडं.

विरोधी तटाचं म्हणणं वेगळं. उरण नाक्याच्या मासळी बाजारातली माझी नेहमीची कोळीण पापलेट साफ करताना तो विषय ऐकून म्हणाली, “पानीच तर हाय, त्याला बूट कनाला?” पण तिच्या स्वतःच्या बोटांवर कालवं फोडताना झालेल्या जखमांच्या पांढऱ्या रेघा होत्या. खडपांना चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. तेही तिने लगेच कबूल केलं. “खडपावर जायाचं असंल तं घाला. रेतीवर नको.”

अख्ख्या चर्चेत इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. गोव्याला जहाज मुरगाव बंदरात लागतं, तिथून गाडीने कोलव्यासारखा किनारा गाठला तर मैलोन्‌मैल नुसती वाळू. तिथे पायात बूट घालून उतरणं म्हणजे गादीवर हेल्मेट घालून झोपणं. लक्षद्वीपची गोष्ट उलटी. छत्तीस बेटं, सगळी मिळून 32 चौरस किलोमीटर, आणि सगळीच्या सगळी प्रवाळांनी रचलेली. तिथल्या शांत, हिरव्या पाण्याखाली कुठे वाळू, कुठे मेलेल्या प्रवाळांचा धारदार चुरा. त्यावर कापलेला पाय लवकर भरत नाही.

पण तिथेच एक पेच आहे आणि तो मला बुटांच्या जाहिरातींत कुठे सापडला नाही. पाय उघडा असला की माणूस भीतभीत टाकतो. बूट चढला की तोच माणूस कशावरही बिनधास्त उभा राहतो. प्रवाळ दगडासारखं दिसलं तरी जिवंत असतं, काही जाती वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना वाघाच्या पंक्तीला बसवलंय. सेल्फी काढायला त्यावर एक सत्तर किलोचा पनवेलकर उभा राहिला तर कैक वर्षांचं बांधकाम कोसळतं. बूट पायाला वाचवतो, पायाखालच्याला नाही. तेव्हा बूट न्यायचे तर फक्त मेलेल्या चुऱ्यावरून चालण्यासाठी, जिवंत प्रवाळावर उभं राहण्यासाठी नाही, असा ठराव मी मांडला आणि तो एकमताने दुर्लक्षित झाला.

बूट घातले की पाकटाची भीती नाही, असाही घरात एक गैरसमज होता. 2013च्या गणेश विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर पाकट आणि जेलीफिशनी अनेकांना दंश केले, तेव्हापासून अनवाणी पाण्यात उतरू नका असं दरवर्षी बजावलं जातं. पण पाकटाच्या शेपटीतला काटा पातळ कापडातून आरपार जातो. त्याच्यावर उपाय बूट नाही, चाल आहे. पाय उचलून न टाकता तळाला घासत पुढे जायचं, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट चाहूल लागून निघून जातं. आणि लागलाच काटा तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. माझ्या बायकोने हे ऐकून यादीत आठव्या ओळीत ‘इलेक्ट्रिक किटली’ लिहिलं.

आता खरं कारण सांगून टाकतो. मला शुगर आहे. मागच्या खेपेला डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगून नायलॉनचा बारीक धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला आणि “कळलं का?” असं विचारत राहिले. एके ठिकाणी मी बराच वेळ धागा टेकायची वाट बघत होतो. त्यांचा टेकवून झाला होता. अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा, आणि समुद्रावर तर मुळीच नाही, असं त्यांनी प्रिस्क्रिप्शनवर अधोरेखित केलं. ज्या पायांनी मी शाळेत असताना ओहोटीच्या वेळी अलिबागहून कुलाबा किल्ल्यात चालत गेलो होतो, त्यांची किंमत साठीनंतर एकदम चपलेच्या वर गेली. यादीतल्या प्रश्नचिन्हावर मी मुकाट्याने बरोबरची खूण केली. घरात कुणी कारण विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं बहुतेक.

खरेदी करायला गेलो तर दुकानदाराने बूट कौतुकाने वाकवून, पिळून दाखवला. मी विचारलं, “पाण्यात टिकेल ना?”

“पाण्यात घालणार?” तो गंभीर झाला. “मग गॅरंटी नाही साहेब.”

तरी घेतले. आणि घेतल्यावर लक्षात आलं की आता गोव्याला जाण्यात अर्थ नाही, तिथे वाळूच आहे. नाल सापडली म्हणून घोडा घेतात तसं आमचं लक्षद्वीप ठरलं. परवान्याचे कागद, फोटो, तिकिटं, सगळं त्या जोडापाठोपाठ रांगेने आलं.

आत्या हे सगळं सोप्यावर बसून ऐकत होती. ती हर्णैची. तिच्या लहानपणी मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून बोट निघायची आणि हर्णैला आली की लांब खोल पाण्यात नांगर टाकायची. मग माणसं पडावात उतरायची. पडावही एका हद्दीपलीकडे येत नसे. तिथून खलाशी बायकापोरांना खांद्यावर मारून कोरड्यावर आणून सोडत, आणि पुरुष धोतरं खोचून, पायताणं डोक्यावर धरून स्वतःच्या पायांनी येत. आजही हर्णैच्या किनाऱ्यावर मासळी उतरवायला बैलगाड्या पाण्यात जातात. खुराला पत्री मारलेला बैल त्यात असेल, तर त्या किनाऱ्यावर पाण्यात पायताण घालून शिरणारा पहिला मानकरी तोच म्हणायचा. आमचं पनवेलही मुळात खाडीचं बंदर. बोरघाटातून रेल्वे जायच्या आधी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस पडावाने इथे यायचा, तोही खाडीला भरती असेल तेव्हाच. भरती कधी हे बघायला कोकणात तिथी पुरते. तिथीला तिनाने गुणून चाराने भागायचं. अष्टमीला चोवीस भागिले चार, म्हणजे सहाला भरती. आत्या हा हिशोब अजून बोटांवर करते आणि मुलगा त्यासाठी मोबाइलमध्ये ॲप उघडतो.

“लक्षद्वीपला जहाज धक्क्याला लागतं का रे?” तिने विचारलं.

“नाही आत्या. बाहेर खोल पाण्यात उभं राहतं. मग छोट्या होडीत उतरवतात आणि बेटावर नेतात.”

“म्हणजे पडावच की!” ती सरसावून बसली. ऐंशी उलटलेली बाई, पण चेहऱ्यावर असा भाव जणू बंदराचा कारभार तिच्याकडे आहे. होडी हलत असताना पाय कधी टाकायचा, कुणाचा दंड धरायचा, पिशवी आधी द्यायची की पोर आधी द्यायचं, हे तिने मुलाला नीट समजावून सांगितलं. मुलगा मान डोलवत होता. क्रूझच्या माहितीपुस्तकात त्यातलं काहीच नव्हतं.

मग तिने नवे बूट मागून घेतले, उलटेपालटे केले, तळाच्या भोकातून माझ्याकडे पाहिलं.

“मलाही एक जोड आणा. चार नंबर. काळा नको.”

“तू घालशील आत्या?”

“घालीन की. होडीतून उतरताना तेवढे हातात घेईन.”