बॉनेटशास्त्री

वैद्य बोलावल्यावाचून आजाऱ्याच्या घरी जात नाही, वकील वकीलपत्रावाचून कोर्टापुढे उभा राहत नाही, आणि ज्योतिषीदेखील कुंडली पुढ्यात आल्यावाचून तोंड उघडीत नाही. परंतु भर रस्त्यात बंद पडलेल्या मोटारीचे बॉनेट वर उचलले गेले रे गेले, की आमंत्रण, फी आणि पुरावा या तिहींपैकी कशाचीही अपेक्षा न ठेवता जो सद्गृहस्थ तेथे आपोआप प्रकट होतो, त्याच्या विद्येला एकाही विद्यापीठाने अद्याप आसन देऊ नये, हा मला घोर अन्याय वाटतो. मी त्याला बॉनेटशास्त्री म्हणतो.

त्याचे दर्शन मला प्रथम बोरघाटात घडले. आमची गाडी प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातल्या फियाट अकराशेला हे राणीचे नाव 1974 साली मिळाले खरे, पण आमच्या आळीत तिला अखेरपर्यंत कोणी फियाटखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. इंजिन 1089 घन सेंटिमीटरचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला, आणि मी तिचा तिसरा मालक. मे महिन्यातल्या टळटळीत दुपारी, खोपोली मागे टाकून चढण चढत असता, शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडच्या वळणावर तिने दोन आचके दिले आणि ती निपचित पडली. स्टार्टर फिरत होता, बॅटरी शाबूत होती, टाकी अर्धी भरलेली होती. परंतु इंजिन काही प्राण धरीना. मी बॉनेट उघडले, आणि रेडिएटर निवविण्यासाठी उभ्या राहिलेल्या एका एस. टी.तून, काखेत छत्री मारून, ते खाली उतरले.

बॉनेटशास्त्री कशालाही हात लावीत नाही. हात पाठीमागे बांधून, मान किंचित तिरपी करून, तो यंत्राकडे असा काही पाहतो, की मामलेदाराने पाहणीस आलेल्या जमिनीकडेही इतक्या साशंकतेने पाहू नये. त्याची चौकशीदेखील गाडीची नसून मालकाची असते. "सर्व्हिसिंग कधी केलं होतं?" हा त्यांचा पहिला सवाल, आणि मी क्षणभर अडखळताच फिर्यादी असलेला मी आरोपी ठरलो. पुढची सारी कारवाई माझी जबानी घेण्यात, मी गाडीची कशी हेळसांड केली आहे याचा जमलेल्या इसमांसमक्ष पंचनामा करण्यात, आणि "आमच्या साहेबांची अशीच गाडी होती" या एकाच दाखल्यावर साहेबांच्या बदल्यांसह त्यांचे समग्र चरित्र कथन करण्यात गेली.

मग फैसला झाला. "पॉइंट गेले." मी डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून काडेपेटीच्या खरखरीत अंगाने पॉइंट घासले, गाडी हलली नाही. शास्त्रीबुवांच्या मुद्रेवरची रेषाही हलली नाही. पॉइंटांवरचा आरोप बिनबोभाट मागे घेऊन त्यांनी तो कंडेन्सरवर ठेवला, कंडेन्सरवरून प्लगांवर नेला, आणि मी चारही प्लग काढून, पुसून, बोटे भाजून घेऊन परत बसविल्यानंतर, हे आपणांस आरंभापासूनच ठाऊक होते अशा स्वरात उद्गारले, "अहो, हा तर व्हेपर लॉक!" उन्हाने नळीतले पेट्रोल उकळते, त्याचे बुडबुडे होतात आणि पंपाला ओढण्यास द्रवच उरत नाही, हा सिद्धांत खोटा नव्हे, घाटात तो अनेकदा खराही ठरतो. माझा कोरा पंचा पाण्यात भिजवून पंपाभोवती गुंडाळण्यात आला, मी किल्ली फिरविली, आणि गाडी सुरू झाली.

बॉनेटशास्त्राचे सारे वैभव या एका क्षणावर उभे आहे. तापलेली कॉइल अर्ध्या तासात निवते, नळीतले बुडबुडे अर्ध्या तासात विरतात, आणि माझ्या गाडीला जो खरा विकार होता तोही अर्ध्या तासात आपोआप उतरत असे. त्यामुळे त्या अर्ध्या तासाच्या शेवटी जो उपचार चालू असेल, त्यालाच यश येते. पंच्याऐवजी अंगारा लावला असता तर अंगाऱ्याला आले असते. आख्यायिका अशी, की ज्या शिंग्रोबा धनगराने इंग्रजांना घाटातली वाट दाखविली, त्याला त्याच इंग्रजांनी ठार केले. आमच्या वाटाड्याला मात्र थर्मासमधला सगळा चहा मिळाला, आणि माझा पंचा गाडीतच राहू द्यावा अशी ताकीद देऊन ते एस. टी.त चढले.

कामशेतच्या अलीकडे गाडी पुन्हा पडली. तेथल्या शास्त्र्यांनी प्रथम तो पंचा काढावयास लावला.

तिसऱ्यांदा ती तळेगावात पडली, आणि दैवयोगाने एका गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर. तेथला पोरगा पंधरा-सोळा वर्षांचा असेल. तो बॉनेटपाशी गेलाच नाही. "काका, पेट्रोल भरून निघाल्यावर लगेच कधी बंद पडलीय?" एवढेच त्याने विचारले. मी आठवून पाहिले. तसे कधीच घडले नव्हते. "मागची चावी द्या," तो म्हणाला, आणि त्याने टाकीचे कुलुपी झाकण फिरविले. टाकीने असा दीर्घ सुस्कारा सोडला, की मी दचकून मागे सरलो. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली.

"गुदमरत होती," पोरगा म्हणाला. पेट्रोल जसजसे खर्ची पडते, तसतशी त्याच्या जागी हवा आत यावी लागते. झाकणाला त्यासाठी एक बारीक भोक असते. पेट्रोलचोरीच्या धास्तीने महिन्यापूर्वी मी जे भक्कम झाकण विकत आणले होते, त्याचे भोक मळाने बुजलेले होते. चोराला बंदी करता करता मी वाऱ्यालाही मज्जाव केला होता. गाडी उभी राहिली, की कुठूनशी थोडी हवा आत झिरपे, आणि पंचा, प्लग किंवा परमेश्वर यांपैकी कोणाची तरी कीर्ती होई. दोन्ही शास्त्र्यांना हे सुचले नाही, यात त्यांचा दोष नाही. टाकी गाडीच्या मागल्या अंगाला असते, आणि त्यांच्या शास्त्राची सरहद्द बॉनेटच्या कडेला संपते.

गाडी पुढे विकली गेली. ते झाकण मात्र दोन्ही किल्ल्यांसह अद्याप आमच्या माळ्यावर आहे. कोणास हवे असल्यास त्याने खुशाल घेऊन जावे.